तोंड बघणारे गुंजाळ तात्या

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमची तक्रार होती की तिकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दात बघण्याआधी चार पानी फॉर्म भरायला लावला. घरात कुणाला मधुमेह आहे का, कुणाला हृदयाचा त्रास आहे का, असले प्रश्न त्यात होते. "आज्जी, भोक दाढेला पडलंय, त्यात हृदय कुठून आलं?" असं विचारून तुम्ही उत्तर न ऐकताच जेवायला पळालात. उत्तर मोठं आहे, म्हणून लिहून पाठवते. उत्तरात एक माणूस आहे, एक पायाचं बोट आहे आणि तुमची पणजी आहे. पणजीला हसायला हरकत नाही. ती स्वतःही हसली होती, फक्त बरीच उशिरा.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही संगमनेरजवळ, प्रवरेच्या काठच्या एका गावात राहत होतो. तुमचे आजोबा साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि मी तिथल्या हायस्कूलात इंग्रजी शिकवत असे. आमच्या घराला लागून गुरांचा सरकारी दवाखाना होता. तिथे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस दवाखाना गुंजाळ तात्यांचा. कागदोपत्री ते ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैलाला धरून ठेवायचं. पण आसपासच्या दहा गावांत त्यांची ओळख एकच होती. तात्या तोंड बघतात.

बैलाचं वय त्याच्या दातांवरून कळतं, हे तुम्हाला माहीत नसेल. दुधाचे दात असतात तोवर तो आदत. दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि सगळे आले की जुळलेला. बाजारात बैल घ्यायला निघालेला शेतकरी तात्यांना बरोबर नेई. तात्या जनावराच्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवत, जीभ एका बाजूला धरत आणि क्षणभर आत डोकावून सांगत, "चौसा म्हनून इकतोय व्हय? जुळून दोन वर्सं झाली याला." विकणारा माणूस तोंड लपवी. तेही तात्यांना दिसे.

अडचण अशी होती की ही सवय बैलांपाशी थांबली नव्हती. तात्या तुमच्याशी बोलत तेव्हा त्यांची नजर तुमच्या डोळ्यांवर नसे, चार बोटं खाली असे. नव्या माणसाला वाटे की आपल्या ओठाला काही लागलं आहे. शाळेतल्या मुलांचे वर्ग ते इयत्तेवरून ओळखत नसत. पहिलीतली सगळी आदत, चौथीतली चौसा. आमच्या मुख्याध्यापकांना, म्हणजे पंचावन्न वर्षांच्या माणसाला, ते माझ्यासमोर "जुळून झिजलेले" म्हणाले होते, आणि पुढच्या सोमवारी शिक्षकांच्या बैठकीत सर परिपत्रक वाचून दाखवत असताना मला खिडकीबाहेर बघावं लागलं होतं.

आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात तात्यांनी तुमच्या बाबाला अंगणात धरलं. बाबा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. माझ्या डोळ्यांदेखत तात्यांचा अंगठा त्याच्या गालात गेला. बैलाच्या तोंडात त्या कोपऱ्यात दात नसतात, माणसाच्या पोराला असतात. बाबाने जबडा मिटला. तात्या ओरडले नाहीत. अंगठा सोडवून घेतला, त्यावरच्या खुणा उन्हात धरून मोजल्या आणि मला म्हणाले, "बाई, चावा लई बेस हाय. वरनं खालनं सारका बसलाय. ह्यो पोरगा काय बी पचवील." ही भविष्यवाणी खरी ठरली आहे. बाबाला विचारा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तोंड म्हंजी घराची चौकट. चौकटीला वाळवी लागली तर आतली तुळई काय कोरी राहतीय?" हे वाक्य ते डॉक्टरांना ऐकवत, कंडक्टरला ऐकवत, एकदा शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी ऐकवलं. कुणी ते फारसं मनावर घेत नसे. गुरांच्या दवाखान्यातला माणूस, बोलायचाच.

मी ते प्रथम मनावर घेतलं ते एका बैलामुळे. वाटेवरच्या वस्तीतला एक बैल तीन आठवडे खंगत चालला होता. मालकाने नजर उतरवली, देवऋषी केला, डॉक्टरांनी टॉनिकही दिलं. बैल वैरण तोंडात घेई आणि तशीच खाली टाकी. तात्या तिथे गेले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि गालाच्या आतून बाभळीचा एक काटा काढला. पेन्सिलीच्या टोकाएवढा. भोवती पू झाला होता. आठ दिवसांनी तो बैल औताला लागला. तात्या काटा शर्टाच्या खिशात घालून गावभर दाखवत होते. "टॉनिक कुठं देत हुते? पोटाला. काटा कुठं हुता?" एवढंच विचारायचे आणि पुढे जायचे.

गल्लीतल्या एका मुलीला श्रीरामपूरचं स्थळ आलं तेव्हा मुलीच्या वडिलांनी तात्यांनाही बैठकीला बसवलं. पोहे झाले, चहा झाला. मग तात्यांनी नवऱ्या मुलाच्या हातात उसाचं एक कांडं ठेवलं. मुलगा बी.कॉम. होता. त्याने कांडं या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं.

"पावनं, ऊस दातानं सोलायचा असतो, इचार करून न्हाई," तात्या म्हणाले.

मुलगा म्हणाला, "सुरी मिळेल का?"

उसाच्या मुलखात हा प्रश्न म्हणजे पोहणाऱ्याने शिडी मागण्यासारखा. मुलाकडची मंडळी गोरीमोरी झाली. तात्यांनी मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगं गुनाचं हाय. पन हिरड्या फुगल्यात, दात लावायला भितंय. सोयरीक मोडू नगा. आदी त्याला नगरला दातांच्या डाक्टरकडं धाडा." मुलगा रागारागाने गेला, आणि तिथे हिरड्यांचा आजारच निघाला. लग्न पुढच्या हंगामात झालं. मांडवात नवरदेवाने एक अख्खा ऊस दाताने सोलून खाल्ला आणि चोयट्या बरोबर तात्यांच्या पायाशी टाकल्या. तात्यांनी त्या उचलून निरखल्या आणि "आता ठीक हाय" म्हणून बाजूला ठेवल्या.

आता तुमच्या पणजीकडे येते. आम्ही त्यांना माई म्हणत असू. माई उंच, गोऱ्या, काटेकोर. घरात त्यांचा शब्द चाले. हसताना त्या पदराचं टोक तोंडावर धरत, आणि ही जुन्या वळणाची मर्यादा आहे असं आम्ही सगळे समजत होतो. त्यांना मधुमेह होता. तेव्हा रक्त तपासायची घरगुती यंत्रं नव्हती. तुमचे आजोबा रोज सकाळी परीक्षानळीत निळं औषध घेऊन त्यात माईंच्या लघवीचे थेंब टाकत आणि ते उकळत. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बरं, विटकरी झालं तर वाईट. मग ते कारखान्यात जाऊन दिवसभर उसातली साखर मोजत. उसातली वाढली की त्यांना आनंद होई आणि आईची वाढली की जेवण जात नसे. रोजचा रंग मी वहीत लिहीत असे.

त्या वर्षी संक्रांतीनंतर माईंच्या डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला चप्पल लागली आणि जखम भरेना. वहीत विटकरीखेरीज दुसरा रंग दिसेना. माईंचं पथ्य कडक होतं; साखर तर सोडाच, त्या प्रसादाचा पेढाही हाताला लावून परत ठेवत. इन्सुलिनची सुई वाढवली, रंग तोच. मार्चमध्ये बोट काळपट दिसू लागलं तेव्हा कारखान्याचे डॉक्टर तुमच्या आजोबांना बाहेर घेऊन म्हणाले, "अजून महिनाभर वाट बघू. नाहीतर बोट काढावं लागेल. ते नाही काढलं तर पुढे पाऊल."

माईंनी ते दारामागून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पोळीचे काठ काढून ठेवायला लागल्या आणि मऊ भाग दुधात कुस्करून खाऊ लागल्या. मला वाटलं, काळजीने जेवण जात नाही.

तात्यांना ते कुंपणापलीकडून दिसत होतं. एके दिवशी त्यांनी मला फाटकाशी गाठलं. "बाई, माई उजव्या अंगानंच चावत्यात. गाय एका अंगानं चगळाय लागली की आमी समजतो. पाय कापायच्या आदी कुनी त्यांचं तोंड बगितलं का?"

कुणीच बघितलं नव्हतं. डॉक्टर जीभ बघत. पण माई ओठ जेमतेम विलग करत आणि जिभेचं टोक दाखवून आत घेत. मी माईंकडे विषय काढून बघितला. त्या म्हणाल्या, "म्हशी तपासणाऱ्या माणसाला मी तोंड दाखवू? अजून माझं तेवढं वाईट झालेलं नाही."

हे मी तात्यांना जरा सौम्य करून सांगितलं. ते मान हलवत निघून गेले.

दोन दिवसांनी माईंनी अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. पायाला पट्टी बांधलेली असतानाही गहू भिजवण्यापासून सगळं त्यांनी केलं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला दवाखान्याच्या बाजूने एक वासरू आलं आणि शांतपणे कुरडया खाऊ लागलं. माई ओट्यावर आल्या. वासराच्या गळ्यात दवाखान्याचा दोर होता आणि दोराचं दुसरं टोक तात्यांच्या हातात होतं, तेही सैल.

माईंनी तोंड सोडलं. त्या तशा क्वचित रागवत, पण रागावल्या की आवाज नदीपलीकडे जाई. तात्यांची नोकरी, त्यांची नजर, त्यांचं वासरू, त्यांच्या घराण्याचे संस्कार, सगळं क्रमाने झालं. तात्या ओट्याखाली उकिडवे बसून मान वर करून ऐकत होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी बसायची जागा ऊन बघून धरली होती. सूर्य त्यांच्या पाठीमागे होता आणि सगळा उजेड माईंच्या तोंडात पडत होता.

"माई, जरा मोठ्यानं," तात्या म्हणाले.

"मोठ्यानं? अजून मोठ्यानं? कान फुटलेत का तुमचे?"

"आं. तसंच. जरा डावीकडं वळून बोला."

माईंचं तोंड उघडंच राहिलं आणि मग एकदम मिटलं. त्यांना कळलं होतं. त्या आत गेल्या आणि दिवसभर तात्यांच्या दिशेची खिडकीही उघडली नाही.

तात्यांनी वासरू बांधून टाकलं आणि मला हळू आवाजात सांगितलं, "खाली डाव्या अंगाला तीन दाढा गेल्यात. हिरड्या कुजल्यात, पू दिसतोय. हे इख रोज पोटात जातंय बगा. ह्याच्यानं साखर कशी उतरंल? आन बाई, दुसरं बी एक सांगतो, रागावू नगा. माई मिश्री लावत्यात."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी भाजलेली तंबाखूची पूड. बायका ती सकाळी बोटाने दातांना घासत. दाढ दुखायची थांबते असं सगळ्यांना वाटे, आणि थांबायचीही, कारण हिरडी बधिर व्हायची. दुखलं की जास्त लावायची, लावली की हिरडी आणखी खराब. पण आमच्या घरात? मी तात्यांना सांगितलं की हे शक्यच नाही.

"ताजी हाय," तात्या म्हणाले. "आज सकाळची."

दुसऱ्या सकाळी माई आंघोळीला गेल्या तेव्हा मी देवघराचा कोनाडा बघितला. वातींच्या डब्यात वातींखाली कागदाची एक पुडी होती. आत काळी पूड. कागद ओळखीचा वाटला म्हणून उलगडला, तर आठवीच्या मुलाची इंग्रजीची उत्तरपत्रिका, आणि त्यावर लाल शाईत माझं अक्षर. दहापैकी तीन. जुन्या उत्तरपत्रिका मी फक्त एका घरी देत असे. चूल पेटवायला, गुंजाळकाकूंना. म्हणजे तात्यांच्या बायकोला.

हे तात्यांना सांगणं मला भाग होतं. सांगितलं. ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. "माज्या घरात? वास कसा न्हाई आला?" असं त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, की तीस वर्षं फिनेल हुंगून नाक मेलेलं आहे. काकू मिश्री भाजत ती ते बाजाराला गेले की.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर चौघं जमलो. माई दारात खुर्चीवर, काकू जोत्यावर, तात्या अंगणात उभे, मी मध्ये, हातात ती पुडी.

तात्यांनी काकूंवर आवाज चढवला. "माज्या घरची बाई लोकांना मिश्री वाटती? गावात काय तोंड दाखवू मी?"

काकू एरवी त्यांच्यासमोर मान वर करत नसत. त्या दिवशी त्या तशाच खाली बघत म्हणाल्या, "माजं तोंड कवा बगितलं तुमी? बैलाचं बगता, म्हशीचं बगता, वाटंवरच्या पोराचं बगता. बत्तीस वर्सं झाली लगनाला. माज्या चार दाढा हालत्यात. कळलं का कदी?"

माईंनी पदर तोंडावर घेतला, पण खांदे हलत होते.

मग तात्या माईंकडे वळले आणि प्रथमच त्यांच्या डोळ्यांकडे बघून बोलले. "माई, माजं चुकलं, वासराचं. कुरडया हिनं नव्या घालून देईल. पन नगरला चला. दाढा काढा. बोट वाचंल."

माई म्हणाल्या, "दाढ काढली की डोळे जातात."

हे ऐकून तुम्ही हसाल. तेव्हा कुणी हसलं नाही. खालच्या दाढेची शीर डोळ्याला जाते आणि दाढ उपटली की दृष्टी जाते, असं त्या काळी घरोघर मानत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, तरी मलाही तेव्हा छातीठोकपणे नाही म्हणता आलं नाही. माईंचा हिशेब साधा होता. "बोटावाचून चालता येईल. डोळ्यांवाचून वाचता येणार नाही. मला पोथी लागते, वर्तमानपत्र लागतं. बोट जाऊ दे."

काकू म्हणाल्या, "मग आदी माज्या काढा. आंधळी झाले तर तुमी राहू द्या."

काकूंनी ते खरंच केलं. दोन दाढा काढून नगरहून परत आल्या. माईंनी त्यांना उंबऱ्यावर बसवून सुईत दोरा ओवायला लावला; तात्या अंगणात उभे राहून बघत होते. काकूंनी पहिल्या फटक्यात ओवला. पुन्हा बारीक सुई दिली, तीही ओवली. मला वाटलं, झालं. माई म्हणाल्या, "हिच्या हलत्या होत्या, आपोआप पडणारच होत्या. मुळं सुटलेली. घट्ट दाढेचं काय?"

महिना संपत आला होता. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली होती, बोट काढायची. वहीत तोच विटकरी रंग.

आणि तेव्हा काकूंनी, सुई पिनकुशनमध्ये टोचता टोचता, सहज म्हटलं, "घट्ट दाढ तर ह्यांची हाय. सात वर्सं झाली, ठनकतीय. लवंग धरून बसत्यात रातभर. डाक्टरचं नाव काढलं की गोठ्यात जात्यात."

सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. मग मला एकेक आठवू लागलं. हा माणूस लिंबाच्या काडीने दात घासायचा तो रस्त्याकडे पाठ करून. चहा पिताना कप उजवीकडे धरायचा. हसायचा तो मिशीच्या आत. इतक्या लोकांची तोंडं बघितली, पण त्यांचं तोंड आमच्यापैकी कुणीही बघितलेलं नव्हतं.

"तात्या," माई म्हणाल्या, "आं करा."

तात्या एक पाऊल मागे सरले. "माई, माजं पोटच डोळ्यावर हाय. वासराच्या तोंडात काय हाय ते दिसलं न्हाई तर मी काय कामाचा?"

"म्हणजे तुम्हीही मानता."

"मानत न्हाई. भितो," तात्या म्हणाले.

माई म्हणाल्या, "तुमची निघाली आणि तुम्हाला दिसलं, तर मी खुर्चीवर बसते. नाहीतर बोट. काय ते तुम्ही ठरवा."

शनिवारी आम्ही एसटीने नगरला गेलो. माई, तात्या, काकू आणि मी. दातांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी माईंचं कारखान्याच्या डॉक्टरांनी दिलेलं पत्र वाचलं, पायासाठीचं पेनिसिलिन चालू आहे ना विचारलं, आणि म्हणाले, "या बसा." माईंनी तात्यांकडे बोट केलं.

दांडगा बैल एका हाताने खाली बसवणारा तो माणूस खुर्चीत बसताना दोनदा उठला. तोंड उघडायला सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ते पुढचा अर्धा तास मिटलेलेच होते. सुई दिली, दाढ हलवली, ओढली, कापूस दाबला, डॉक्टरांनी हात धुतले तरी डोळे मिटलेले. दाढेला वाटाण्याएवढी पुवाची पिशवी लटकत होती. डॉक्टर म्हणाले, "हे सात वर्षं बाळगलंत? हे तुमच्या रक्तात उतरलं असतं म्हणजे कळलं असतं."

"तात्या, डोळे उघडा," माई म्हणाल्या. "माझं त्यावर अवलंबून आहे."

तात्यांनी आधी एक उघडला. तो फिरवला. मग दुसरा. भिंतीवर एक कॅलेंडर होतं. कापूस दाबलेल्या तोंडाने त्यांनी त्यातल्या चित्राकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. कुणालाच कळलं नाही. काकूंनी अर्थ लावला. "गाय म्हनत्यात. गाभण हाय म्हनत्यात."

माईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. त्या दिवशी एकच दाढ काढली, बाकीच्या दोन पुढच्या दोन शनिवारी. तिन्ही वेळा तात्या बरोबर आले आणि खुर्चीच्या पायथ्याशी उकिडवे बसले.

बोट काढायची तारीख कारखान्याच्या डॉक्टरांनी पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. वहीत विटकरीच्या जागी पिवळसर आला, मग हिरवा. मिश्रीची पुडी माईंनी स्वतः प्रवरेत सोडली, उत्तरपत्रिकेसकट. कारखान्याचे डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, "सगळं श्रेय दाढांना देता येणार नाही. सुई आहे, पथ्य आहे, तंबाखू सुटली तेही आहे, त्याने रक्त पायापर्यंत पोचतं. पण हिरड्यांतला पू साखर उतरू देत नाही, आणि साखर हिरड्या बऱ्या होऊ देत नाही. दोघी भांडखोर शेजारणी. एकीला उचकवली की दुसरी ओरडते. मी तोंड बघायला हवं होतं." तुमच्या डॉक्टरीणबाईंचा फॉर्म, मुलांनो, त्यासाठी असतो. हिरडी सुजली की त्रास हिरडीतच राहतो असं नाही. हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाला तर फारच जपावं लागतं. फॉर्म नीट भरत जा.

पावसाळ्याच्या तोंडाशी जखम भरली. बोट थोडं वाकडं राहिलं, पण राहिलं. त्याच सुमारास आजोबांना पुण्याला नोकरी मिळाली आणि आमचं सामान ट्रकने पुढे गेलं. आमच्यासाठी कारखान्याची जीप आली होती. गल्ली निरोपाला जमली. माई दोन्ही पायांत चपला घालून ओट्यावरून स्वतः उतरल्या. बायका वाकून बोट बघत होत्या. काकूंनी तर त्याला हात लावून बघितला.

तात्या दवाखान्यातून हात पुसत आले. कुणीतरी म्हणालं, "तात्या, बोट बगा की, कसं झालंय."

"बोटाचं मला काय कळतंय," तात्या म्हणाले आणि माईंच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

एवढ्या लोकांसमोर माईंनी पदर खाली सोडला. सूर्याकडे वळल्या आणि तोंड उघडलं, पूर्ण. तात्यांनी हात पाठीमागे बांधले आणि वाकून आत बघू लागले. वरचं बघितलं, खालचं बघितलं, डावीकडचं पुन्हा बघितलं. जीपवाल्याला घाई होती. त्याने हॉर्न वाजवला. माईंनी तोंड न मिटता, न वळता, हातानेच त्याला खुणावलं की थांब.